कुलूपबंद जिनातल्या फेऱ्या

"जिनातला आधार दिवसभर झोपाच काढतो म्हणे. त्याच्या जागी फेऱ्या मारतं ते तर…"

पिठाच्या चक्कीवर लिलाबाई एवढंच बोलली, मला पाहिलं आणि डबा उचलून चालती झाली. आता अर्धी बातमी म्हणजे माझ्या जिवाला घोर!

आमच्या ओट्यासमोरच जिनाचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, पत्र्याचं फाटक. सन बहात्तरचा वैशाख. जिन बंद, पण आत कापसाच्या गाठी रचलेल्या. जळगावच्या त्या उन्हात एक ठिणगी पुरे. म्हणून राखणीचा ठेका घेतलेल्या बन्सीलालशेठांनी दिवसपाळीला आधारभाऊला ठेवलेलं. तासातासाला फेरी. आवारात सहा ठिकाणी भिंतीला साखळीनं किल्ल्या बांधलेल्या. तिथं जाऊन किल्ली गळ्यातल्या जड घड्याळात फिरवली की आतल्या कागदावर ठसा उमटायचा. कागद शेठच काढत. एक फेरी चुकली की माणूस घरी. साडेतीन वर्षांत आधारभाऊची एकही चुकली नव्हती. असा माणूस झोपा काढेल?

त्याच दिवशी बाराची फेरी आटोपून तो पाण्याला आला. घड्याळ आत चौकीत, फाटकाला कुलूप, किल्ली करदोड्याला. तांब्या तोंडाला लावला आणि ओट्यावरच कोसळला. अंग तव्यासारखं. मी कांदा ठेचून तळपायांना चोळला, कपाळावर ओलं फडकं ठेवलं.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. नुसती झळ, आणि सरकीचा कढत, तेलकट वास.

एक वाजला असेल. फाटकाआड खडीवर पावलं वाजली. सावकाश… एका लयीत. मग साखळी खळखळली. थोड्या वेळानं दुसरीकडे.

"आधारभाऊ," मी कुजबुजले, "आत कोण आहे?"

त्यानं कसेबसे डोळे उघडले. "कोनीच नही, अक्का…"

दोनला पुन्हा. तीनला पुन्हा. चारला पावलं फाटकापाशी येऊन थांबली. मी वाकून फटीतून पाहिलं. खडीवर ऊनच ऊन. सावली कुणाचीच नव्हती.

पाचला शेठ आले. आधारभाऊनं भिंत धरत धरत जाऊन कुलूप काढलं. मीही मागोमाग, राहवतंय कुठं! शेठनी घड्याळ उघडून कागद पाहिला.

"वा रे आधार! एक, दोन, तीन, चार… दर फेरीला साही ठसे. एवढ्या उन्हात!"

मी आधारभाऊच्या कोपराला चिमटा काढला. नुसतं गप्प राहायचं होतं, बस. घरी चार तोंडं खाणारी.

"शेठ, त्या फेऱ्या मी नही मारल्या," आधारभाऊ म्हणाला. "बारापासून मी अक्काच्या ओट्यावर पडेल व्हतू."

गेली नोकरी, मी मनात म्हटलं. पण शेठच्या कपाळावर घाम फुटला होता.

"मग… कोणी मारल्या?"

आधारभाऊनं करदोड्याची किल्ली तेवढी दाखवली. शेठनी कागद तसाच खिशात कोंबला आणि घड्याळ स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात अडकवलं. "उद्या ये," म्हणाले, आणि चौकीची पायरीसुद्धा न चढता निघून गेले.

म्हणजे लिलाबाईचं निम्मं खोटं. झोपा काढणारा माणूस असं खरं बोलत नसतो, हे मी गल्लीभर सांगून आले. उरलेल्या निम्म्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही.

आधारभाऊ अजून फेऱ्या मारतो. फक्त आता वाटेच्या कडेकडेनं चालतो, एका माणसापुरती जागा सोडून. गोदामाच्या वळणावर वाट अरुंद आहे. तिथं तो थांबतो, अंग चोरतो, जरा वेळ जाऊ देतो… आणि मग पाऊल टाकतो.