बधिर जागा

उज्ज्वला डिंडोलीतल्या आपल्या घराच्या ओसरीत बसून साड्यांवर खडे चिकटवायची. लाकडी फ्रेमवर ताणलेली साडी, हातात गोंदाची नळी, समोर वाटीत चमचमते बारीक खडे. एका साडीवर चारशे खडे लावायचे आणि एकही वाकडा बसू द्यायचा नाही, हा तिचा बाणा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, हिला भूत जरी दिसलं तरी ही आधी त्याच्या पदरावरचे खडे सरळ आहेत का ते बघेल.

अशा बाईनं डाव्या छातीतली गाठ आठ महिने अंगावर काढली, हे मात्र कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. दवाखान्यात गेली तेव्हा तिसरी स्टेज होती. आधी किमो, मग स्तन काढला, मग मशीनचा शेक. वर्षभरानं सगळे रिपोर्ट चांगले आले, तेव्हा डॉक्टर देसाईबाईंनी विचारलं, "नवीन बनवून घ्यायचा का?"

नवरा हिलाल, पॉवरलूमवर तीस वर्षं घासलेला माणूस, बाहेर आल्यावर म्हणाला, "आते कोनले दखाडनं शे?"

"मालेच दखनं शे," उज्ज्वला म्हणाली. दुसऱ्या कुणाला दाखवायला नव्हे, स्वतःला बघायला. विषय संपला.

देसाईबाईंनी तिच्या पोटाची कातडी आणि चरबी काढली आणि छातीवर आणून बसवली. घरी सोडताना बजावलं, "ही जागा बधिर राहील. गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. भाजेल, आणि तुम्हाला कळणारही नाही." उज्ज्वलाला ते सहज पटलं. चिकटवलेल्या वस्तूचं आणि तिचं आयुष्यभराचं नातं होतं.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली. एकुलत्या एक लेकीचं, प्रियांकाचं, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते या ऑपरेशनपायी चलथाणला सासरी झालं. मुलगी झाली. पाचवीला उज्ज्वला गेली खरी, पण जड उचलायचं नाही म्हणून नातीलाही कुणी तिच्या हातात दिलं नाही. ती पाहुण्यासारखी खुर्चीवर बसून परत आली.

बाळ वीस दिवसांचं होतं. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास उज्ज्वलाच्या डाव्या छातीला ओढ बसली.

ही ओढ कुठल्याही आईला दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही. बिनदातांच्या हिरड्या, जिभेची ऊब, घोट, जरा थांबणं, पुन्हा घोट. हातातला खडा साडीवर वाकडा बसला. तिनं आत जाऊन दार लावलं आणि ब्लाऊज उघडून पाहिलं. फिकट गोल मांस आणि टाक्यांची रेघ. बोंडी तर अजून बनवलेलीसुद्धा नव्हती, ते काम सहा महिन्यांनी व्हायचं होतं. आणि तिथं कुणीतरी पीत होतं.

दहा मिनिटांनी ते थांबलं. तिनं कॅलेंडरच्या मागं वेळ लिहून ठेवली. तीन दिवसांत वेळांची अख्खी रांग झाली, तेव्हा ती देसाईबाईंकडे गेली.

बाईंनी तिला डोळे मिटायला लावले आणि सुई टोचली. "काय वाटतं?"

"काही नाही."

"आता?"

"काहीच नाही."

"नसा नव्यानं वाढताना असे भास होतात," देसाईबाई म्हणाल्या.

"भास घड्याळ लावून होतात का, मॅडम?"

बाई हसल्या आणि गोळ्या लिहायला लागल्या.

दुपारी तीनला पुन्हा ओढ आली. ती थांबल्यावर उज्ज्वलानं लेकीला फोन लावला. बाळाला कधी पाजलं, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आत्ताच. का गं मम्मी?"

"कुठल्या अंगाला?"

"डाव्या. असं काय विचारतेस?"

दुसऱ्या दिवशी तिनं चारदा ताडून पाहिलं. प्रियांका डावीकडे पाजायची तेव्हाच ओढ यायची, उजवीकडे पाजायची तेव्हा काही नाही. उज्ज्वलानं हे कुणालाही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर तिला भीती कमी वाटली आणि सुखच जास्त झालं. जी नात मांडीवर मिळाली नाही ती अशी मिळत होती. ओढ आली की ती खडे बाजूला सारून डोळे मिटून बसायची.

बाळाच्या पाचव्या आठवड्यात ओढ बदलली. दोन घोट, आणि झटक्यानं सोडून देणं. पुन्हा एक घोट, पुन्हा सोडणं. मग दोन दिवस काहीच नाही, आणि त्या रिकाम्या जागी काखेच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी टोचायला लागलं. बोटांनी दाबून पाहिलं तर मांस मऊ होतं. दाणा हाताला लागत नव्हता, आतून लागत होता.

पुन्हा सुरू झालं, असं म्हणत ती सोनोग्राफीला गेली. रिपोर्ट स्वच्छ आला. हिलालनं आनंदानं नाक्यावरचा गरम लोचो खायला बांधून आणला. तिनं पुडा तसाच बाजूला सारला. दाणा होता तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी छाती भाजली. जिथं सुई कळत नव्हती तिथं निखारा ठेवल्यासारखी आग झाली. तिनं ब्लाऊज ओरबाडून काढला. कातडी फिकट होती आणि हाताला गार लागत होती.

तिनं फोन लावला.

"मम्मी, नंतर कर ना. आमच्या आई कोंड्याचा शेक देतायत. दूध गोठलंय माझं. बेबी डावीकडे तोंडच लावत नाही."

"काखेच्या बाजूला टोचतंय?"

पलीकडे प्रियांकानं फोन तोंडाजवळ घेतला. मग हळूच म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

उज्ज्वला नेसत्या साडीनं शटल रिक्षात बसली. चलथाणला साखर कारखान्याचा सीझन चालू होता, मळीचा आंबूस वास घराघरांत भरला होता. प्रियांकाच्या सासूबाई, प्रमिलाबाई, दारातच भेटल्या. हातात कोंड्याची गरम पुरचुंडी होती.

"पोरीले डॉक्टरकडे लई जास," उज्ज्वला म्हणाली.

"सवा महिना नही व्हयना अजून. आनि दूध गोठनं ते कोनी दवाखानामा जास का? चार दिन शेकं का मोकयं व्हई जास."

प्रमिलाबाई वाईट नव्हत्या. गल्लीतल्या दहा बाळंतिणींचं गोठलेलं दूध त्यांनी याच कोंड्यानं मोकळं केलं होतं. उज्ज्वलाकडे काय होतं? कॅलेंडरच्या मागं लिहिलेल्या वेळा.

तिनं दार लोटलं. पदर खाली टाकला आणि ब्लाऊजचे हुक काढले.

छातीवरची रेघ दाखवली. पोटावरची, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत गेलेली रेघ दाखवली.

"आठ महिना मी बी असंच म्हनी राहिंतू," ती म्हणाली.

प्रमिलाबाईंच्या हातातली पुरचुंडी निवत गेली. त्यांनी ती खाली ठेवली आणि मुलाला हाक मारली, "गोपाल, रिक्षा बोलाव."

गाठ दुधाची नव्हती.

"सहा महिने शेकत बसला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं," देसाईबाई म्हणाल्या. आता फक्त गाठ काढायची होती, पुढं किमो. बाळाला अंगावरचं बंद करून वाटी-चमच्यानं पाजायला लागले. ऑपरेशनच्या दिवशी उज्ज्वला बाहेर बाकावर बसली होती. दहा चाळीसला तिच्या छातीतला दाणा निघून गेला. जागा बधिर झाली, अगदी डॉक्टरांनी सांगितली होती तशी. ती तिथंच पदरात तोंड घालून रडली. पोर वाचली होती.

पुढचे सात महिने त्या जागेनं काही म्हणून सांगितलं नाही.

एका सकाळी लेकीचा फोन आला. उज्ज्वलानं तो स्पीकरवर टाकून फ्रेमजवळ ठेवला. प्रियांकाच्या आवाजात जीव आला होता. केस पुन्हा उगवतायत म्हणत होती. मागं प्रमिलाबाई काहीतरी गुणगुणत होत्या.

बोलता बोलता उज्ज्वलाच्या छातीवर कोमट तेल ओघळलं.

पाठोपाठ तळहात आला. मधून बाजूला, मधून बाजूला.

"तुला तेल लावतंय का गं कुणी?"

"मला? नाही गं. मी तर खुर्चीवर बसलेय."

तळहात फार मोठा होता. एका फेरीत सगळी छाती झाकली जात होती.

"आई बेबीला मालीश करतायत. हसतेय बघ कशी. ऐकू येतंय?"

ऐकू येत होतं. बाळ खिदळत होतं.

तळहात डावीकडे, काखेच्या बाजूला गेला. पुढं सरकला. मग मागं आला.

दोन बोटं एका जागी टेकली आणि त्यांनी हलकेच दाबून पाहिलं.

फोनमधलं गुणगुणणं थांबलं.