सात नंबरचा ट्रॅक

फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाला उभा होतो. पलीकडचा मुलगा उत्साहाने काहीतरी सांगत होता, गिरणीच्या घरघरीत मला त्यातलं निम्मंही ऐकू येत नव्हतं, आणि मी नेहमीसारखा ‘हो, हो’ म्हणत होतो. ही माझी जुनी खोड. ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारायचा मला संकोच वाटतो. मी हो म्हणून मोकळा होतो. पीठ घेऊन घरी आलो, हात धुतले आणि मग त्याचा मेसेज वाचला. तेव्हा कळलं की आपण कशाला होकार दिला ते.

आमच्या अल्बमला पंचवीस वर्षं होत होती आणि तो पुन्हा काढायचा होता.

आमचा म्हणजे ‘अर्धी रजा’ या बँडचा. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेले आम्ही चौघं. सगळ्यांचे वडील दारूगोळा कारखान्यात. अवधूत गिटार वाजवायचा, त्याचा धाकटा भाऊ ड्रम, मी बेस गिटार आणि गाण्यांचे शब्द. गायची हेमा. १९९९ साली बुधवार पेठेत, रेडिओच्या दुकानांच्या वर, रामदासशेठ नावाच्या गृहस्थांच्या स्टुडिओत आम्ही ‘पुढचा शनिवार’ हा एकच अल्बम केला. पाचशे कॅसेट काढल्या, दीडशे खपल्या. हल्लीची पोरं त्याला अल्टरनेटिव्ह रॉकमधला क्लासिक वगैरे म्हणतात. माझ्या वडिलांनी तो एकदाच ऐकला होता. ‘कुकर उतरवा आता,’ एवढंच म्हणाले.

हेमा पुढे माझी बायको झाली. या फोनच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारीत ती गेली.

हा सगळा मजकूर मी त्या मुलाला कळवला नाही. शनिवारी येतो, इतकंच लिहिलं.

त्या मुलाचा, विश्वजीतचा, स्टुडिओ धायरीत आहे. एकेकाळी तो त्यांचा गोठा होता. आता भिंतींना आतून जाड फोम लावलाय आणि खिडकी एकही ठेवलेली नाही. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं. दार लागलं आणि एकदम विहिरीत उतरल्यासारखं झालं. आत कसला तरी ओळखीचा वास होता. सुकवलेली मेथी, कांदा, आणि त्याखाली काहीतरी वेगळं.

“वास ना, सर? सॉरी,” विश्वजीत म्हणाला. “जुनी टेप दमट होते, चिकट होते. तशीच लावली तर पार खरवडून निघते. म्हणून आधी मंद आचेवर आठ तास भाजावी लागते. आईचं भाज्या सुकवायचं मशीन वापरलं.”

“वापरलं म्हने!” दारातून त्याची आई बायडाबाई म्हणाली. हातात पाण्याचा तांब्या होता. “माझी मेथी काढून ह्यानं त्यात फीत भाजली. आता गिऱ्हाइकाला काय सांगू, भाजी खा आन गाणं म्हना?”

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

रामदासशेठ वारल्यावर त्यांच्या मुलाने दुकान रिकामं केलं, त्यात आमच्या टेपचा खोका निघाला होता. खोक्याच्या झाकणावर हेमाचं अक्षर. कुठल्या ट्रॅकवर काय आहे त्याची यादी तिनेच लिहिली होती. रुंद टेपवर शेजारी शेजारी आठ पट्ट्या असतात. ड्रम वेगळा, गिटार वेगळी, गाणं वेगळं, आणि त्यातली कुठलीही एकटी ऐकता येते. सहाव्यापुढे लिहिलं होतं, ‘मी’. सातव्यापुढे, ‘श्रीधर – राहिलं.’

ते खरंच राहिलं होतं. शेवटच्या गाण्यात तिच्या मागून मी काही ओळी म्हणायच्या होत्या. त्या दिवशी मी पोचलो नाही, आणि स्टुडिओचे तास संपले. सातवा ट्रॅक कोराच होता.

“त्याचसाठी बोलावलं, सर,” विश्वजीत म्हणाला. “काल मी सगळी टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. गाणी मस्त आलीत. पण शेवटच्या गाण्याला मशीनवरचा, आवाज दाखवणारा सातचा काटा हलत होता. फाइल उघडली तर सातवर काहीच नाही. सरळ रेघ. म्हटलं मशीनमध्ये लफडं असेल. पुन्हा टेप लावून फक्त सात ऐकला... तर आहे. टेपवर ऐकू येतंय. उतरवलं की येत नाही.”

“काय ऐकू येतंय?”

“तुम्हीच ऐका. तुम्ही रिहर्सलचं काही बोलत असाल.”

त्याने टेप लावली, बाकीचे ट्रॅक बंद केले. चकत्या फिरू लागल्या. आधी नुसता फुसफुसाट. मग त्याच्या आतून हळूहळू पाणी उकळल्यासारखा आवाज यायला लागला. बुड... बुड... बुड... मंद, एकसारखा.

मी खुर्चीचा हात धरला. तो आवाज मी बावीस दिवस ऐकला होता. ऑक्सिजनच्या नळीला जोडलेली पाण्याची बाटली असते, तिच्यातले बुडबुडे.

“श्रीधर...”

हेमाच. पण एकोणीसशे नव्व्याण्णवची हेमा नव्हे. तेव्हा तिचा आवाज घासलेल्या पितळेसारखा लखलखीत होता. हा आवाज खरवडलेला, दर शब्दाला श्वास मागणारा. शेवटच्या महिन्यातला. पुढे ती काहीतरी बोलली, पाचसहा शब्द, पण ते फुसफुसाटात बुडाले. आणि त्यानंतर, अगदी जवळून, माझा आवाज आला. “हो... हो.”

टेप संपून शेपूट फडफडायला लागलं तेव्हा विश्वजीतने मशीन थांबवलं.

ते काय होतं ते मला माहीत होतं, हे मी तुम्हाला सांगतो. त्याला सांगितलं नाही. हॉस्पिटलमधली शेवटची संध्याकाळ. हेमाने मास्क बाजूला सारला, माझं मनगट धरलं आणि काहीतरी म्हणाली. शेजारच्या खाटेचं मशीन टूं टूं ओरडत होतं, आया बादली सरकवत होत्या. मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं तर तिला पुन्हा मास्क काढावा लागेल, पुन्हा धाप लागेल. मी म्हणालो, “हो, हो.” तिचा चेहरा एकदम निवला. तिने हात सोडला. पहाटे ती गेली. वर्ष झालं, मी कशाला हो म्हणालो ते मला माहीत नाही. काहीतरी करायचं मी कबूल केलंय आणि ते केलेलं नाही, एवढंच माहीत आहे.

“पुन्हा लाव,” मी म्हणालो.

विश्वजीतने आधी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मशीनचा तो भाग पुसला जिथे टेप घासून जाते. तेव्हा मला कळलं, मघाचा खालचा वास स्पिरिटचा होता. बोळा तपकिरी झाला.

“धूळ आहे?”

“नाही सर. ही टेपच आहे. आवाज ह्या पावडरीतच असतो. प्रत्येक वेळी वाजवली की थोडी निघते.”

तो बोळा टाकणार होता. मी हात पुढे केला. त्याने तो माझ्या तळव्यावर ठेवला.

दुसऱ्या वेळी एक शब्द वर आला. “श्रीधर... मला...” मग धूसर. मग माझं हो, हो.

तिसऱ्या वेळी, “मला इथं...” पण ह्या वेळी तिला जास्त धाप लागली होती. बुडबुडे वाढले होते. विश्वजीतनेही ते ऐकलं असणार, कारण त्याने माझ्याकडे न बघता बोळा घेतला आणि कितीतरी वेळ पुसत बसला.

“सर, खरं सांगू का? गाणी आपल्याकडे सेफ आहेत. ही टेप गेली तरी अल्बमचं काही अडत नाही. पण अजून एकदोनदाच चालेल ही. मग नुसतं प्लॅस्टिक राहील.”

“कळतंय मला.”

“आणि... मॅडमना त्रास होतोय, सर.”

तो असं म्हणाला आणि स्वतःच दचकला. मी त्याच्याकडे पाहिलं. चोवीसपंचवीस वर्षांचा मुलगा. हेमाला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

थांबायला हवं होतं. मी म्हणालो, “एकदाच.”

चौथ्या वेळी फुसफुसाट जवळजवळ नव्हताच. खोलीत कोणीतरी खाटेवर पडलेलं असावं इतकं ते स्पष्ट होतं. चादरीची सळसळसुद्धा. बुड... बुड... आणि मग एकेक शब्द, पायऱ्या चढल्यासारखा.

“श्रीधर... मला... इथं... ठेवू नकोस.”

घरी ने, असं म्हणत होती ती. एवढंच. ‘इथं मरायचं नाही मला’. आणि मी हो म्हणून तिला तिथेच ठेवलं होतं, पहाटेपर्यंत.

मी माझ्या त्या हो, हो ची वाट पाहत राहिलो. ते आलं नाही. टेप फिरत होती, सातचा काटा शून्यावर थरथरत होता, बुडबुडे चालू होते, आणि माझा आवाज जिथे असायचा तिथे नुसती रिकामी जागा होती. ती जागा लांबत गेली... लांबत गेली...

“ऐकलंस का?” हेमा म्हणाली.

हे ती हॉस्पिटलमध्ये म्हणाली नव्हती. मी शपथेवर सांगतो, म्हणाली नव्हती.

विश्वजीत उठून भिंतीला टेकला होता. मला हलता येईना. तेवढ्यात दार उघडलं, उन्हाची पट्टी आत आली, आणि बायडाबाई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात थांबली. तिने आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला भीती वाटलेली दिसली नाही. पाव्हण्याला रीत कळत नाही म्हणून वाटते तशी नाराजी होती फक्त.

“अवो, बाई कवाची इचारतीय. बोला की.”

“आई, तू जा,” विश्वजीत कसंबसं म्हणाला.

“कालपास्नं ऐकतीय मी. मशीन बंद असतं तवाबी. मानूस इचारतंय तर हो न्हाई काय ते सांगावं मानसानं.”

मी म्हणालो, “हो.”

सातचा काटा उसळला. खोलीत माइक नव्हता. होते ते सगळे कपाटात बंद होते. काटा माझ्या आवाजाबरोबर उसळला आणि खाली बसला. बुडबुडे थांबले. विश्वजीतने बटण दाबलं, आणि शेवटचे चार वेढे उरलेले असताना चकत्या थांबल्या.

चहा निवला. आम्ही कोणीच घेतला नाही.

निघताना विश्वजीतने विचारलं, टेप नेता का. नेली तर खोक्यात घालून न्यावी लागेल, म्हणजे तिला खोक्यात ठेवलं. तिथेच राहू दिली तर गोठ्यात ठेवलं. उरलेले वेढे वाजवून संपवले तर ती तिथून सुटेल खरी, पण कुठे? कापसावर? आणि सुटताना ती धाप तिला पुन्हा... ‘इथं’ म्हणजे कुठं, हे विचारायला मला तिला पुन्हा बोलायला लावावं लागणार होतं.

“राहू दे,” मी म्हणालो. “कळवतो.”

डिसेंबरमध्ये अल्बम निघाला. नवं कव्हर, जाड कागद, अवधूतने कॅनडाहून लिहिलेली चार पानं. बाणेरच्या एका हॉलमध्ये पोरांनी कार्यक्रम केला. मी पाच मिनिटं बोललो. एका मुलीने मला विचारलं, ‘मॅम लाइव्ह कशा वाटायच्या?’ मी म्हणालो, ‘छान.’

विश्वजीतने मशीनचा प्लग काढून ठेवलाय आणि तो आता मित्राच्या स्टुडिओत काम करतो. मला फोन करत नाही. फोन बायडाबाईचा येतो, दुपारी, तिची कामं आटोपल्यावर. परवाही आला होता.

“बाई आता इचारत न्हाईत बरं का,” ती म्हणाली. “गप झाल्यात. पन आवाज येतो आतनं. सामान आवरल्यावानी. डब्याला झाकन लावत्यात, पिशवीत घालत्यात, पुन्ना काडून नीट लावत्यात. दवाखान्यातनं घरी जायच्या दिवशी करतो न्हवं का आपन, तसं. रोज आवरून बसत्यात. कवा येताय न्यायला?”

मी तिला शनिवारी येतो म्हणालो.

त्याला आता तीन शनिवार झाले. मी गेलेलो नाही.