निकाल लागेस्तोवर

"ओ भाऊ, सरका ना थोडं! वकील दिसून नाई राह्यला."

तो वळला... अन् मी वकिलाले विसरलीच.

राळेगावच्या कापूस खरेदी केंद्रासमोर आमच्या मायची चहाची टपरी. त्या साली भाव पडलेले, केंद्रात जागा नाही, कापसाच्या बैलबंड्यांची रांग पार रस्त्यावर आलेली. लोक बंडीखालीच झोपत अन् दुपारी आमच्या टीव्हीसमोर जमत. एक जुनी ब्लॅक अँड व्हाइट मालिका पुन्हा लागली होती. मालकाचा खून झालेला, आरोपीच्या पिंजऱ्यात त्याची मोलकरीण. अख्खी रांग तिच्यापायी चहा थंड करत होती.

"जयभीम मावशी, अर्धा चहा," तो मायले म्हणाला. मग हळूच मले, "तिनंच मारलं त्याले."

"कायले मारन ती? डोळे पाहा तिचे!"

"डोळे पाहून कोर्ट चालते का? तसं असतं तर तुम्ही कवाच्याच आत असत्या."

अगं बाई! माझ्या हातची गाळणीच पडली.

संघदीप नाव त्याचं, वाढोण्याचा. रोज यायचा, भांडायचा, हसायचा. त्याच्या चहात आलं जरा जास्तच पडू लागलं. मायनं ते पाहिलंच. मले मात्र भारी भेव वाटे. बंडी एकदा काट्यावर गेली, कापूस मोजला, का हा गेला आपल्या गावाले... मग कुठली नलू अन् कुठला संघदीप! सकाळी उठली का आधी त्याची बंडी पाहायची. आहे ना? आहे.

मालिकेतल्या निकालाच्या दिवशी भर हिवाळ्यात आभाळ दाटून आलं. रांगेत त्याच्या मागं असलेल्या रुपीबाईची बंडी काट्याकडं निघाली होती. जाता जाता ती म्हणाली, "लय भला पोरगा आहे व तो संघदीप. आपला नंबर सोडून मले पुढं जाऊ दिलं. काल प्रेमसिंगलेही दिलं."

मी तशीच तरातरा त्याच्यापाशी गेली.

"येडा आहेस का तू? घरच्यांची सारी मेहनत बंडीत, वरून हे आभाळ... अन् टीव्हीसाठी नंबर सोडून राह्यला?"

रागात पहिल्यांदाच 'तू' निघालं.

"टीव्हीसाठी नाई..." तो खाली पाहत म्हणाला. "आत गेलो असतो तर तू दिसली नसती ना."

"मग बोलला काहून नाई आतापर्यंत?"

"वकिलासारखं बोलता येत नाई मले."

तेवढ्यात फाटकातून त्याच्या नावाचा पुकारा झाला.

"जा! बंडी लाव आधी. निकाल मी पाहते."

तो धावला. इकडं न्यायाधीशानं चष्मा पुसला, कागद उचलला — अन् लाइट गेली. सारी रांग हळहळली. बाहेर टपोरे थेंब पडू लागले. मोलकरणीचं काय झालं ते जाऊ द्या, माझा जीव त्या बंडीत अडकला होता.

बऱ्याच वेळानं तो आला. नखशिखांत भिजलेला, पण हसत. "कापूस कोरडाच गेला. सारा! ...सुटली का ती?"

"लाइट गेली."

"म्हणजे खटला बाकीच?"

"तिचा बाकी. तुझा लागला निकाल." मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "शिक्षा झाली तुले. रविवारी आईबाबाले घेऊन यायचं. इथंच."

त्यानं घाबरून मायकडं पाहिलं. माय आलं ठेचत होती. वर न पाहताच म्हणाली, "नलू, जावयाले आधी टॉवेल दे."