बुडापेस्टची पूर्वफेरी

"अभी, त्या पिवळ्या ट्रामचा नंबर दोनच होता ना रे?" आप्पांनी आतल्या खोलीतून विचारलं.

अभिनंदन दारात बसून बूट घालत होता. बांधलेली नाडी त्याने उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. "दोनच," तो म्हणाला. एवढं तरी त्याला नक्की ठाऊक होतं, कारण सहलीच्या आराखड्यात ते होतं.

"नदीच्या कडेकडेनं जाते बघ. तू मला खिडकीची जागा दिलीस आणि स्वतः उभा राहिलास."

"हो आप्पा."

आप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, कपाटाच्या आरशासमोर उभे राहून भाषणाची तालीम करत होते. रविवारी सांगलीच्या ज्येष्ठ नागरिक संघात 'मी पाहिलेले बुडापेस्ट' या विषयावर ते बोलणार होते. परदेशी जाऊन आलेल्या सभासदाने प्रवासवर्णन करायचं आणि शेवटी सगळ्यांना चहा-बिस्किटं द्यायची, असा संघाचा रिवाज. आप्पांचं नाव खडूने फळ्यावर झळकलंही होतं. अडचण एवढीच होती, की आप्पा बुडापेस्टला कधी गेलेच नव्हते. आणि ही गोष्ट घरात अभिनंदनला आणि त्याच्या बायकोला, त्रिशलाला माहीत होती. खुद्द वक्त्याला नव्हती.

आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कवठेमहांकाळमार्गे जतला जाणारी गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, हे ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात त्यांची हयात गेली. जगाला गाडीत बसवून दिलं आणि स्वतः स्थानकातच राहिले. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी एकच शहर धरून ठेवलं. एका काठाला बुडा, दुसऱ्या काठाला पेस्ट, मधे डॅन्यूब. आप्पांच्या लेखी ही आपली सांगली आणि सांगलीवाडीच, मधे कृष्णा. शिवाय लंडन सोडलं तर युरोपातली सगळ्यात जुनी भुयारी रेल्वे तिथली, आणि ती अजून धावते, याचं त्यांना फार अप्रूप.

सहलीचा आराखडा त्यांनी एसटीच्या वेळापत्रकासारखा आखला होता. सकाळी किल्ल्याची टेकडी, मग संसद, मग गरम पाण्याचे हमाम. कांदा, बटाटा, लसूण चालत नाही म्हणून सोबत दशम्या, चटणी आणि मेतकूट. घोडं अडलं होतं ते रात्रीच्या जेवणावर. दिवस मावळल्यावर आप्पा अन्नाचा कण तोंडात घालत नसत आणि फिरण्यात संध्याकाळ कुठल्या कुठे निघून जाणार. मग एके दिवशी त्यांना कळलं, की जूनमध्ये तिथे पावणेनऊपर्यंत सूर्यच मावळत नाही. "अरे, हे शहर जैनांसाठीच बांधलंय की काय!" असं म्हणून त्यांनी त्या दिवशी त्रिशलाला शिरा करायला लावला होता.

राहिली होती फक्त पूर्वफेरी. सहल कंपन्यांनी हा प्रकार दोन-तीन वर्षांपूर्वी काढला होता. वयस्कर माणसाला प्रवास झेपेल की नाही, हे आधीच पाहायचं. केंद्रात आरामखुर्चीत बसायचं आणि डोक्यावर टोप चढवायचा. टोपातली चुंबकीय स्पंदनं मेंदूत त्या शहराचा अनुभव उमटवत. नुसतं चित्र नव्हे. विमानातली अवघडलेली पाठ, पायाखालचे दगड, नदीवरचा वारा, सगळं. खुर्चीत एक दुपार जाई, मनात चार दिवस. तेवढ्यात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब टिपून घेतले जात. जागं झाल्यावर आपल्याला जसं कळतं की ते स्वप्न होतं, तसं इथेही कळावं म्हणून यंत्र प्रत्येक आठवणीवर तालमीची खूण सोडत असे.

"सत्तरीच्या पुढं ही खूण कधीकधी पुसट होते," केंद्रातली मुलगी म्हणाली होती. "आठवण राहते, खूण जाते. म्हणून आठवडाभर रोज सकाळी त्यांना सांगायचं, ही तालीम होती, आपण अजून गेलेलो नाही. न चुकता सांगायचं हं, सर. आणि फेरीत त्यांच्यासोबत कोण हवं?"

"मीच. म्हणजे माझी नक्कल."

तिने त्याचा आवाज घेतला, चेहरा घेतला आणि पडदा त्याच्यापुढे सरकवला. सोबत्याचा स्वभाव निवडायचा होता. अभिनंदनने 'सगळं ऐकून घेणारा, नाही न म्हणणारा' यावर बोट ठेवलं. "घरात जमत नाही, तिथं तरी जमू दे," असं म्हणून तो हसलाही होता. हवं तर त्यालाही शेजारच्या खुर्चीत बसता आलं असतं. पण तो हळद निर्यात करणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होता आणि त्या दुपारी माल तपासायचा होता. आप्पांना टोप घालताना पाहून तो निघून गेला.

पहिल्या सकाळी त्याने आप्पांना बजावलं. "माहीत आहे रे, मी काय खुळा आहे का?" आप्पा म्हणाले. दुसऱ्या सकाळी तो घाईत निघाला. तिसऱ्या सकाळी त्याच्या लक्षातच आलं नाही. मग साहेबांनी जूनमधली रजा नाकारली, आणि हे आप्पांना कोणत्या तोंडाने सांगायचं या विचारात आणखी दोन दिवस गेले. शेवटी एकदा पोहे खाता खाता आप्पा म्हणाले, "आपण बुडापेस्टला होतो ना, तेव्हा..." आणि पुढचं सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की त्रिशलाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तोंड उघडायची वेळ तीच होती. अभिनंदनने पोह्यांवर लिंबू पिळलं.

आता सांगून म्हाताऱ्या माणसाचा विरस कशाला करायचा, अशी त्याने मनाची समजूत घातली. रजेचा प्रश्नही परस्पर मिटला होता, हे मात्र त्याने स्वतःशी कबूल केलं नाही. पुढे आप्पांनी फोटो मागितले, तेव्हा त्याने केंद्रातून पूर्वफेरीतली चित्रं मागवून त्यांच्या हातात ठेवली. तोवर तो फक्त गप्प होता. त्या दिवसापासून तो खोटं बोलू लागला, आणि ते त्याला रोज टोचत राहिलं.

रविवारी संघाची खोली भरली होती. आप्पा झकास बोलले. हमामात गळ्याइतक्या गरम पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे त्यांनी असे रंगवले, की हशा थांबेना. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "मगदूम, सगळ्यात जास्त काय आवडलं तुम्हाला?"

"पूल," आप्पा म्हणाले. "दगडी सिंह बसलेत दोन्ही टोकांना, तो साखळी पूल. तिथं माझा मुलगा माझ्याशेजारी कठड्याला टेकून तासभर उभा राहिला. खिशातनं फोन काढला नाही, घड्याळ बघितलं नाही. मी बोलत गेलो, तो ऐकत गेला. एका घरात राहतो आम्ही, पण असं कधी बोललो नव्हतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे बिस्किटांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या अभिनंदनकडे माना वळल्या आणि एका आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या दुसऱ्या अभिनंदनचा हेवा वाटत होता. त्या नकलेने एका तासात जे केलं, ते त्याला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

"अहो, आता पुरे," घरी आल्यावर त्रिशला हळू आवाजात म्हणाली. "त्यांचं हसं व्हायच्या आत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

"उद्या डॉक्टरांकडं जायचंय. तेवढं होऊ दे. मग सांगतो."

डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या आणि पूर्वफेरीत टिपलेले हृदयाचे आकडेही पाहिले. आप्पांच्या हृदयाची एक झडप कडक झाली होती. ती बदलायला हवी होती. "छाती उघडायला लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "मांडीच्या रक्तवाहिनीतनं नवी झडप नेऊन बसवतो. दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवू. पुढं पाच-सात वर्षं तरी काळजी नको. पण नाही केली, तर वर्षसुद्धा कठीण आहे."

अभिनंदनचा जीव भांड्यात पडला. उपाय होता आणि तो सोपाही होता. तो तारीख विचारणार, तोच आप्पांनी हात जोडले.

"नको डॉक्टर. आमचं ठरलंय." आणि ते मुलाकडे वळले. "सांग की त्यांना."

"काय ठरलंय?" अभिनंदनने विचारलं.

"अरे, पुलावर!"

डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. "आम्ही जरा बाहेर बोलून येतो," असं म्हणत अभिनंदनने आप्पांना दंडाला धरून उठवलं. बाहेरच्या बाकावर दोघे बसले.

"विसरलास होय?" आप्पांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तुझी आई तीन आठवडे नळ्यांत पडून होती. डॉक्टर सोडा म्हणत होते, तू सोडंना. पाण्याच्या घोटासाठी ती नुसती ओठ हलवायची. मी तेव्हा बोललो नाही, ते मला आतल्या आत खात होतं. म्हणून पुलावर तुला सांगितलं. माझी वेळ येईल तेव्हा मला दवाखान्यात ठेवू नकोस. यंत्रं नकोत, नळ्या नकोत. आपल्यात सल्लेखना सांगितलीय, तसं मी घरात, शांतपणे, आधी अन्न, मग पाणी, असं एकेक सोडत जाईन. तू आडवा येऊ नकोस. एवढंच मागितलं. तू माझा हात धरलास आणि हो म्हणालास. तेव्हापासून मला झोप लागायला लागली बघ."

अभिनंदन ऐकत होता आणि त्याला पुरतं कळत होतं, की आपण हो म्हटलंच नसतं. आपण भांडलो असतो, रडलो असतो, नातेवाइकांना गोळा केलं असतं. आप्पांनी जन्मात एकदा मन मोकळं केलं आणि समोर होती ती नाही म्हणताच न येणारी नक्कल. तिचा होकार त्यानेच, हसत हसत, बोटाने निवडून दिला होता. आणि त्या होकाराच्या भरवशावर आप्पा आता साधी झडप बदलून घ्यायलाही तयार नव्हते.

गप्प राहिलो तर हा माणूस वर्षभरात जाणार. बोललो तर त्याची झोप जाणार. अभिनंदनला दुसरं काही सुचलं नाही.

"आप्पा, मी तिथं नव्हतो."

"कुठं?"

"पुलावर. तुम्हीही नव्हता. आपण बुडापेस्टला गेलोच नाही. त्या केंद्रात टोप घालून बसला होता, ती पूर्वफेरी होती. मी तुम्हाला रोज सकाळी आठवण करून द्यायची होती. नाही दिली. मग तुम्ही खूश दिसायला लागलात, मला रजाही मिळत नव्हती, आणि मी तसंच चालू दिलं. फोटोसुद्धा केंद्रातलेच. चूक माझी आहे, आप्पा. सगळी माझीच."

आप्पा स्वतःच्या तळहातांकडे पाहत राहिले. समोरून एक परिचारिका चाकाची खुर्ची ढकलत गेली. तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"उजेड होता रे," ते म्हणाले. "साडेआठ वाजले होते तरी उजेड होता. मी दशमी खाल्ली."

"तालीम होती, आप्पा."

"आणि काल संघात मी एवढ्या माणसांपुढं खोटं बोललो."

"खोटं मी बोललो. रविवारी मी उभा राहून सगळ्यांना सांगतो."

"ते सांग. पण ते राहू दे आत्ता." आप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं. "मी माझं शेवटचं बोलणं बोललो ते कुणापाशी?"

"यंत्रापाशी." अभिनंदनला रडू आवरेना. भर दवाखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत तो लहान मुलासारखा रडला. "आप्पा, मला माफ करा. तेव्हा मी तुमच्याजवळ बसायला पाहिजे होतं. आता बसलोय. आता मी ऐकतो."

"ऐकलंस की. सगळं आत्ताच सांगितलं तुला." आप्पा त्याच्याकडे वळले आणि त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. एवढं रोखून त्यांनी त्याच्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "झडपेचं नंतर बघू. पुलावर त्यानं माझा हात धरला आणि हो म्हणाला. तू काय म्हणतोस?"