शालीवरून बांधलेला पट्टा

ही गोष्ट खरी आहे. गुरुवारचा उपवास धरून मी कुणाच्या मरणाबद्दल खोटं सांगणार नाही.

मागच्या वर्षीचा मार्गशीर्ष. गुरुवार. नेवाशातला एक दवाखाना, दिवेलागणीची वेळ.

माझी धाकटी जाऊ सत्यशीला तिथे नर्स. सातवा महिना चालू होता. आधीची बाळं पोटातच गेलेली. या बाळाकडे सगळं घर डोळे लावून बसलं होतं.

गर्दी असली की सत्यशीलाची एक रीत. पेशंट टेकला न टेकला तोच स्वेटरवरून, शालीवरूनच बीपीचा पट्टा गुंडाळायचा. स्टेथोस्कोप कानात, लक्ष पुढच्या पेशंटकडे. "नॉर्मल आहे. जा आत."

सगळीकडे असंच चालतं, असं ती म्हणायची.

त्या दिवशी डॉक्टर लवकर निघाले. कंपाउंडर अब्दुलभाई शटर अर्धं ओढून चहाला गेले. जाताना म्हणाले, "ताई, पूजेला उशीर करू नका, नाहीतर जाऊबाई माझ्यावरच डाफरतील!"

ती हसली.

लाईट गेली.

आणि स्टुलावर कुणीतरी बसलं होतं...

जाड शाल पांघरलेली म्हातारी. हनुवटीवर गोंदण. शटर वाजलं नव्हतं. पाऊलही नाही.

"माजं बी बघ."

"आजी, डॉक्टर गेले. उद्या या."

"तूच बघ. तूच बघत असतीस."

सत्यशीलाने सवयीने शालीवरूनच पट्टा गुंडाळला.

"शाल काढ की गं भवाने! हात लावाया किळस येती व्हय?"

तिने शाल सरकवली. हात गार... माठासारखा.

फुगा दाबला. पारा चढला. हवा सोडली. या खेपेला तिने नीट कान दिला.

ठोका नाही.

पारा उतरला... आणखी उतरला... पार तळाला बसला.

एकही ठोका नाही.

"काय आलं?"

सत्यशीलाच्या तोंडातून निघालं ते रोजचंच.

"नॉर्मल."

म्हातारी हसली. "तवा बी ह्येच बोलली हुतीस."

तिने पट्टा सोडला. सत्यशीलाची डावी बाही वर सारली आणि उघड्या दंडावर तो आवळला. फुगा दाबत राहिली... दाबत राहिली... बोटं काळीनिळी पडली.

मग तिने सत्यशीलाच्या कोपराला कान लावला.

"दोन ठोके हायेत की गं तुज्यात..."

"आजी, पाया पडते. बाळाला नका..."

"माजा ठोका गेला. त्यातला एक मी नेनार."

लाईट आली.

स्टूल रिकामं. शटर तसंच अर्धं. पट्टा मात्र तिच्या दंडावर करकचलेला. चहाहून परतलेल्या अब्दुलभाईंनी तो कसाबसा ओढून काढला.

तिने त्यांना म्हातारीचं वर्णन सांगितलं.

"गोंदण? ताई, ती चांगुणाबाई. दिवाळीच्या तोंडावर तुम्हीच नॉर्मल म्हणून घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी डोक्यात रक्तस्राव होऊन गेली हो..."

त्याच रात्री सत्यशीलाला नगरला नेलं. बीपी भयंकर चढलेलं. मी घरी देवीपुढे बसून होते. पहाटे फोन आला. मुलगी झाली, आमची मनवा. दिवस भरण्याआधी, ओंजळीएवढी, पण जिवंत.

वाटलं, सुटलो.

पण... तेव्हापासून सत्यशीलाच्या डाव्या हाताला बीपी लागत नाही. हात ऊन आहे, हलतो. पट्टा बांधून कान लावला की काहीच ऐकू येत नाही. नगरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. शिरेत दोष सापडला नाही.

मी तिला म्हणते, "एक न्यायचा होता, तो नेला. संपलं."

ती माझ्याकडे बघते. "मग जाऊबाई, मनवाला त्या हातावर निजवलं की ती अशी का किंचाळते?"



मी रोज, देवापुढे दिवा लावायच्या आधी, पोरीच्या छातीला कान लावून येते...