गोधडीची पलीकडची बाजू

भुताखेताचं रात्री घडतं म्हणे. माझ्या घरात भर दुपारी घडलं. वैशाखात, कुंभार पिंपळगावला. कुणाला खोटं वाटलं तर वाटू द्या. मला खोटं वाटलं असतं तर मी सुखानं झोपले असते.

आमचे हे गाड्यांचे मिस्तरी. अंटार्क्टिकाच्या मोहिमेत बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करायला ह्यांची निवड झाली, आणि वर्षाच्या वर तिकडंच राहिले. परत आले त्या दुपारी माझ्या सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळला. लांबून आलेल्या माणसामागं काही लागून आलं असेल, तर ते दाराबाहेरच राहावं म्हणून.

तुकडा लांब फेकून त्या मला म्हणाल्या, "वंदना, अजून एक तुकडा आण. मागच्या बाईला ओवाळायचं राह्यलं."

मागं रिकामा रस्ता. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी हसले. "आत्याबाई, मागं कुणीच न्हाई."

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं...

"मंग गेली असंल आत."

लाईट गेलेली होती, कूलर बंद. पत्र्याखाली जीव उकडून निघत होता. पण ह्यांच्या खाटेजवळ गेलं की... गारवा. माठाला टेकून बसल्यासारखा.

मग चहाचं सुरू झालं. लग्नापासून ज्यांनी कधी कप विसळला नाही, ते स्वतः चहा करू लागले. एक कप मला, एक स्वतःला.

आणि एक... खिडकीत.

सासूबाई तर चहा घेतच नाहीत.

मी विचारलं, तेव्हा ह्यांनी सांगितलं. तिकडं एकदा असं वादळ उठलं की समोर धरलेला हात दिसेना. गाडीपासून मुक्कामाचं दार हाकेच्या अंतरावर, पण सापडेना. दमून बर्फात बसणारच होते. तेवढ्यात पुढं कुणीतरी चालताना दिसलं. हे मागोमाग गेले आणि दाराशी पोचले. आत सगळे जागच्या जागी. बाहेर कुणी गेलेलंच नव्हतं. तेव्हापासून तिच्या नावाचा चहा.

तिच्या.

"बाई होती का हो?"

हे खाली बघायला लागले. लाजल्यासारखे.

आमच्या लग्नातसुद्धा एवढे लाजले नव्हते. सवत असली तर निदान तिचं नाकतोंड दिसतं, चार शिव्या देता येतात. हिला काय देणार? आणि माझं कुंकू तर हिनंच राखलेलं. त्याचाच जास्त जळफळाट.

एका दुपारी हे खाटेवर आडवे होताच खिडकीतला कप मी उचलला आणि पिऊन टाकला. नुकताच ओतलेला, वाफाळता चहा...

घशात बर्फ उतरला. दात ठणकले.

खाटेवर हे थडथड कापायला लागले. बोटं निळी. मिशीवर पांढरं काहीतरी... मी बोट लावलं तर विरघळलं. बाहेर लिंबाखाली कुत्री धापा टाकत होती.

मी धावत गोधडी आणली. अंगावर घातली, माझ्या बाजूनं खोचली. मग पलीकडून खोचायला खाटेला वळसा घालून गेले...

ती बाजू आधीच खोचलेली होती.

माझ्यापेक्षा नीट.

मी तिथंच खाली बसले. त्या खोचलेल्या बाजूकडं बघून म्हणाले, "बाई, तिकडं तू सांभाळलंस. इथं मी हाये ना."

ह्यांचं कापणं काही थांबेना. शेवटी उठून नवीन चहा केला, खिडकीत ठेवला. तेव्हा कुठं ह्यांची बोटं ऊब धरू लागली.

आता तो कप रोज मीच भरते. साखर कमी घालते, तेवढंच.

परवा पुढच्या मोहिमेसाठी ह्यांना फोन आला. मी दारात श्वास धरून उभी. ह्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. मला केवढा आनंद व्हायला पाहिजे होता.

पण फोन ठेवून हे खिडकीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले...

"आता तिकडं काय राह्यलंय?"