शेवटपर्यंत अठ्ठ्याण्णव

खंभातच्या त्या दवाखान्यात मंगळवार हा दुर्बिणीचा दिवस. छातीत दुर्बीण घालायची ती बहुतेक अकीकाचे खडे घासून फुफ्फुसात धूळ बसलेल्यांच्याच. दगड घासून त्यांची बोटं इतकी राठ होतात की रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा त्यांवर धड लागत नाही, आणि यंत्र सारखं कोकलत राहतं. मग यंत्राजवळ उभी असलेली नर्स इलाबेन चिमटा हळूच स्वतःच्या बोटाला लावायची. डॉक्टर भट्टांचं डोकं शांत, कागदावर आकडा छान. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी लवजीभाई टेबलावरच गेला. कागदावर शेवटपर्यंत अठ्ठ्याण्णव.

आज टेबलावर त्याची बायको होती, धनी. तीही घरी अकीकच घासायची.

"बेन, आमच्या ह्यांच्या वेळी तुम्हीच होतात ना?" तिने विचारलं. "आकडा शेवटपर्यंत चांगला होता म्हणे. मग माणूस गेला कसा हो?"

"पडून राहा, मासी."

इलाबेनला स्वतःची किळस आली. लवजीभाई गेला त्या दिवसापासून तिने चिमटा एकदाही स्वतःला लावला नव्हता. आजही तो तिने धनीच्याच बोटाला लावला, वरून चिकटपट्टी मारली.

गुंगीचं इंजेक्शन दिलं, दुर्बीण नाकातून आत गेली. अठ्ठ्याण्णव. यंत्र एकदाही कोकललं नाही. असं कधी होत नसे. इलाबेनच्या छातीत धडधडू लागलं, तशी यंत्राची टिकटिकही वाढली. तिने स्वतःची नाडी धरली. ठोक्याला ठोका जुळत होता.

धनीचे ओठ जांभळे पडत होते. इलाबेनने ऑक्सिजन वाढवला. फरक पडेना.

"साहेब, दुर्बीण काढा."

"अठ्ठ्याण्णव आहे की!" भट्टांनी मानसुद्धा वळवली नाही. "डोळे घरी ठेवून आलात?"

"तो आकडा मासीचा नाही. माझा आहे."

"चिमटा कुणाच्या बोटाला आहे, बेन? डोकं फिरलंय तुमचं."

आकड्याशिवाय हा माणूस हलणार नव्हता. तशी सवय तिनेच त्याला लावली होती. इलाबेनने तोंड मिटलं आणि श्वास रोखला.

छाती फुटायला आली.

सत्त्याण्णव. त्र्याण्णव. अठ्ठ्याऐंशी.

यंत्र कोकललं. भट्टांनी शिवी हासडत दुर्बीण ओढून काढली, धनीच्या तोंडावर मास्क दाबला.

धनी खोकली. तिच्या ओठांवर हळूहळू रंग आला. इलाबेनने रडतच श्वास घेतला, चिकटपट्टी सोडवली आणि चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

चिमटा आता कुणाच्याच बोटाला नव्हता, तरी यंत्र कोकलतच होतं. एकाहत्तर.

तिने छाती भरून दुसरा श्वास घेतला. मग तिसरा. तरी तिला हवा पुरेना.

अडुसष्ट.